मदत हवी आहे: सिकलसेल असलेल्या मुलांचं कुपोषण कसं मोजू?
नमस्कार मंडळी. नागपुरात सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या 5 वर्षांखालच्या मुलांच्या पोषणावर प्रबंध करतेय. काल एका पोरीचं वजन उंचीच्या मानाने बरं निघालं, पण दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी 11.8 सेंटिमीटरवर, पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात थांबली. पोट तपासलं तर प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) चांगलीच वाढलेली. काट्यावरचं सगळं वजन अंगावरचं नव्हतंच! नुसतं वजन-उंचीवर गेले असते तर ती "ठीक" म्हणून सुटली असती, हे मनातून जात नाहीये. आई म्हणाली, "एरवी जेवते जी, हातपाय दुखले का घासच नाही घेत."

दंडाचा घेर मुख्य निकष ठेवू का? यावर काम केलेल्यांनी कृपया सांगा. आणि स्किनफोल्ड कॅलिपर (त्वचेखालची चरबी मोजायचा चिमटा) आठवडाभर कोणी देईल का? मेडिकल चौकात येऊन घेऊन जाईन.