कुमार गंधर्व आमच्याच भागातले, पण मला पोचत नाहीत. सुरुवात कुठून करू?

निपाणीचा_पक्या

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा, नोकरीला बेंगळुरात. आमच्या घरात गाणं म्हणजे आजोबांच्या टेपवर पहाटे लागणारी भीमसेनांची अभंगवाणी. आई बैलहोंगलची, तिच्यामुळं पुरंदरदासांची पदंही कानावर पडली. ती मात्र आम्हाला कळो न कळो, स्वयंपाक होईपर्यंत चालायची. माझं स्वतःचं वेड वेगळं. रेहमान, अजय-अतुल, कॉलेजात असताना दोन-तीन मोठ्या कॉन्सर्टना उभं राहून घसा बसवून आलोय.

कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी झाली तेव्हा जो तो त्यांच्याबद्दल लिहीत होता. त्यांचं जन्मगाव सुळेभावी आमच्यापासून लांब नाही, म्हटलं आपण ऐकलंच पाहिजे. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये त्यांची निर्गुणी भजनं (कबीर वगैरेंची, निराकार देवाची) लावली. खरं सांगतो, तुटक वाटलं. एकदम वर जातात, एवढंसं काहीतरी म्हणतात आणि गप्प. मी वाट बघत बसतो. भीमसेनांच्या गाण्यात मला कधी वाट बघावी लागली नाही.

एक मित्र म्हणतो, क्षयामुळं त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालेलं, दम पुरायचा नाही, म्हणून तसं गायचे. ते समजून घेऊनच ऐकायचं. हे खरं का? आणि माझ्यासारख्यानं कुठल्या रेकॉर्डपासून सुरुवात करावी? नाही आवडले तर नाही आवडले, असं म्हटलेलं चालतं का इथं?

शहापूरचे_अण्णा

पक्या, चालतं की. न चालायला काय झालं? आधी एक सांग, बसमध्ये कशावर ऐकलास? फोनच्या स्पीकरवर, नाहीतर त्या कानात अडकवायच्या स्वस्तातल्या बोंड्यांवर, आणि खाली इंजिन घरघरत असणार. मग तुला कुमारांचं निम्मंच गाणं ऐकू आलं. उरलेलं निम्मं तंबोऱ्यात असतं.

थट्टा करत नाही. फोनचा स्पीकर एवढासा, त्यातून खालचे सूर येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, गेला की गवई थांबतो तिथं तुला भोक पडल्यासारखं वाटणार. भीमसेनांचं तसं होत नाही, कारण ते जागा मोकळी ठेवतच नाहीत. किराणा घराण्याची बढत ती, राग सावकाश फुलवत नेण्याची रीत, सुराला सूर लागून पुढं सरकते, फोनवरसुद्धा भरलेली वाटते. कुमार मात्र एक सूर लावतात, सोडून देतात, आणि पुढचं काम तंबोऱ्यावर टाकतात. तंबोरे जुळवताना ते किती चोखंदळ असायचे हे त्यांना जवळून ऐकलेले सगळे लोक सांगतात. मैफल सुरू व्हायच्या आधी तिथंच बराच वेळ जायचा.

मी पोस्टात नोकरी केली, गाणं शिकलेला नाही. पण आमच्या घरात मिरजेचा एक तंबोरा आहे, माझ्या आत्याचा. त्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीवरची घडण, बिघडली तेव्हा मी तो मिरजेला घेऊन गेलो होतो. कारागिरानं घोडी (तारा टेकतात ती पट्टी) काढून घासली, परत बसवली, तारेखाली दोरा सरकवत राहिला. एका जागी दोरा आला आणि तीच तार एकदम बोलायला लागली. नुसता षड्ज (सा) छेडला तरी त्यात गंधार (ग) ऐकू येतो, ते मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. गंधार कुणी वाजवत नसतो, चारी तारांत तो नसतोच. तोवर कुमार मलाही लांबचेच होते. घरी येऊन तीच जुनी कॅसेट लावली आणि ते थांबतात तिथं काय चाललेलं असतं ते कळायला लागलं. (त्या मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. कारागिरांच्या पदरात काय पडलं, ते तेच जाणोत.)

आता फुफ्फुसाचं. आजार खरा. १९४८ च्या सुमारास ते मध्य प्रदेशातल्या देवासला गेले ते क्षयासाठीच, पाच-सहा वर्षं गाणं बंद होतं, आणि एक फुफ्फुस कायमचं गेलं हेही खरं. पण 'दम नाही म्हणून तुकडे' हा हिशोब मला कधी पटला नाही. हा माणूस नऊ-दहा वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तशाच गाऊन दाखवायचा. लोक त्याला बघायला गर्दी करायचे. १९३६ च्या मुंबईच्या परिषदेत त्या पोरानं भल्याभल्यांना गप्प केलं. म्हणजे दुसऱ्याचं सगळं येत होतं. पुढं त्याच्या गुरूंकडं, देवधर मास्तरांकडं, शिकताना आणि नंतर अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं काय काय टाकून दिलं, ते बघ. देवासला खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची. तीन-चार सुरांची गाणी, त्यात ताना नाहीत, आलाप नाहीत. त्यातूनच पुढं त्यांचे धूनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग निघाले. ज्याला चार सुरांत सगळं सांगता येतं असं दिसलं, तो कशाला उगाच श्वास लांबवेल? शिवाय त्यांच्या द्रुत बंदिशी ऐक. तिथं दमाचं रडगाणं कुठं आहे?

सुरुवात भजनांनी करू नकोस, असं माझं मत. ती सगळ्यात जास्त फिरतात, म्हणून सगळे तिथनंच सुरू करतात आणि तुझ्यासारखे परत फिरतात. तू 'मला उमजलेले बालगंधर्व' घे, त्यात कुमारांनी बालगंधर्वांची नाट्यपदं गायलीत. त्यातलं 'नाथ हा माझा' ऐक. खाडिलकरांच्या 'स्वयंवर'मधलं पद, १९१६ चं, चाल भास्करबुवा बखल्यांची, राग यमन. आधी बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐक. खरखर आहे, सोस. तीनेक मिनिटांत सगळं उरकायचं, त्या काळच्या तबकडीवर तेवढंच मावायचं. मग कुमारांचं ऐक. चाल तीच, शब्द तेच, त्यामुळं पुढं काय येणार हे तुला ठाऊक असतं. आता तू वाट बघत बसणार नाहीस, ते कुठं थांबले आणि बालगंधर्व तिथं काय करत होते, एवढंच बघशील. बालगंधर्व शब्दाला गोंजारतात, त्याच्याभोवती घुटमळतात. कुमार शब्द उचलतात आणि ठेवून देतात. नक्कल करायची तर त्यांना लहानपणापासून येत होती, म्हणून नावातच 'मला उमजलेले' म्हटलंय.

त्यानंतर 'गीत वर्षा', कुमारांची पावसाची गाणी. पण ते जून-जुलैत ऐक, खानापूर-कणकुंबीकडं पाऊस धरला की. बेंगळुरातल्या पावसावर माझा विश्वास नाही.

आणि निपाणीला आलास की एक दिवस शहापुरात ये. आमच्या गल्लीत अजून माग आहेत, दिवसा खटखट असते, सात वाजता ती बंद झाली की तंबोरा काढू. पूर्वी शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागायचा तेव्हा शेजारचा मागवाला मुद्दाम लवकर माग थांबवायचा. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण अण्णांचं गाणं आहे म्हणायचा.

खानापूरची_माई

अण्णा, तुमचं तंबोऱ्याचं बरोबर हाय. पण भजनं नको म्हणालासा, ते काय मला पटलं न्हाई.

पक्या बाळा, तू ऐकालास म्हणून अडकलास. म्हणून बघ. आमच्या भजनी मंडळात आम्ही बायका एकादशीला बसतोय. हरिपाठ झाला की गवळण, भारूड. एकदा सुनेनं 'उड जाएगा हंस अकेला' मोबाईलवर ऐकवलं, म्हणाली हे बसवूया. बसवायला घेतलं तर टाळच बसंना. आमची सवय कशी, टाळ चालू म्हणजे चालू, मधी रिकामी जागाच न्हाई. आन् हे गाणं तर थांबतंय. आम्ही थांबलो की पखवाजवाला बघतोय आमच्याकडं, विसरल्या काय म्हणून. शेवटी टाळ खाली ठेवले आन् नुसत्या पेटीवर म्हटलं. तेव्हा कळलं की थांबल्यावर पुढची ओळ म्हणायला धीर लागतोय. शब्द कबीराचे हायत, मरणाबद्दल बोललंय, ते घाईनं म्हणायचं कसं? देवासला शीलनाथ बाबांच्या धुनीवर (पेटत्या अग्नीपाशी) साधू लोक अशी भजनं म्हणायची, तिथनं कुमारांनी घेतली म्हणे. म्हणजे ही गाणी स्टेजची न्हाईत मुळात.

तुला म्हणता येतंय काय न्हाई ते सोड. बाथरूमात म्हण.

घटप्रभा_लाईन

मी या वादात नाही, मी मन्सूरअण्णांच्या पार्टीतला. पक्याला थांबे नको असतील तर मल्लिकार्जुन मन्सूर लावावेत. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, शिकले मंजीखाँ आणि बुर्जीखाँ या अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडं. जयपूर घराणं. सुरू झाले की श्वास कुठं घेतात हेच सापडत नाही, तालाच्या एका आवर्तनातून (फेऱ्यातून) दुसऱ्यात कधी गेले ते समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आल्यावर समजतं. अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग, पण रागाचं नाव माहीत नसलं तरी काही अडत नाही. योगायोग बघा, कुमार १९९२ च्या जानेवारीत गेले आणि मन्सूरअण्णा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये.

दुसरं म्हणजे, अण्णा म्हणतात तसं स्पीकरचं खरं आहे, पण फाईलही बघ. इंटरनेटवरच्या कितीतरी मैफली कॅसेटवरून कॅसेट, त्यावरून आणखी कॅसेट अशा उतरवलेल्या आहेत. कुणीतरी खरखर काढायला जातं आणि खरखरीबरोबर तंबोराही पुसून टाकतं. खरखर असलेलीच प्रत शोध. घरातल्या कॅसेटी असतील तर त्या फेकू देऊ नकोस. बुरशी धरली असेल तर वाजवायच्या आधी जाणत्याकडून साफ करून घे, नाहीतर टेपचं हेड खराब होतं.

आणि आमच्या भागातले कार्यक्रम. शक्यतो अशा ठिकाणी जा जिथं सत्कार कमी असतात. मागं एका सभागृहात गवई तंबोरा जुळवून बसलेत, आणि शाल-श्रीफळ पाऊण तास. तेवढ्यात तारा उतरल्या. वर साऊंडवाल्यानं इको टाकला तो वेगळाच. कुंदगोळला मात्र एकदा जाऊन ये, भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या पुण्यतिथीला, सप्टेंबरात, नाडगीर वाड्यात. रात्रभर.

निपाणीचा_पक्या

अण्णा, माई, सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री खोलीत दिवा घालवून वायरीचे चांगले हेडफोन लावून ऐकलं, सहकाऱ्याचे मागून आणले. तंबोरा खरंच येतो. आधी तो मागं कुठंतरी आहे एवढंच माहीत होतं, आता त्याच्यावरच लक्ष जायला लागलं. 'नाथ हा माझा' दोन्ही ऐकलं. बालगंधर्वांची तबकडी मला झेपली नाही, माफ करा, आवाज लांबून येतो आणि स्त्रीच्या भूमिकेतला पुरुष गातोय हे डोक्यातून जाईना. पण त्यानंतर कुमारांचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच मी वाट बघत नव्हतो, हे खरं. परत लावलं.

ख्याल अजून होत नाही. अर्ध्या तासाचं एक लावलं आणि झोपलो. मन्सूरांचं उद्या. माई, बाथरूममध्ये म्हणून बघितलं, रूममेटनं दार वाजवलं.

अण्णा, कुंदगोळला बेंगळुराहून कसं जायचं? राहायची सोय काय?

शहापूरचे_अण्णा

झोपलास ते उत्तम. मीही झोपतो.

बालगंधर्वांचं महिनाभरानं परत ऐक, आत्ता सोड.

कुंदगोळ हुबळीच्या अलीकडंच, तुझ्या रेल्वेच्या वाटेवर. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा सरळ हुबळीला उतर आणि तिथनं बस धर. राहायची सोय कशाला हवी, रात्रभर गाणं आहे ना. सप्टेंबरात पावसाचा नेम नाही, पहाटे गारठा असतो, घोंगडं आण. खाली बसावं लागेल, उभं राहून ओरडायची तुझी सवय तिथं चालणार नाही, पण आवडलेल्या जागेला 'वाहवा' जोरात म्हटलीस तर कानडी-मराठी दोन्ही म्हातारे वळून बघतील आणि सरकून जागा देतील. फोनवर रेकॉर्ड करत बसू नकोस. तंबोरा त्यात येणार नाही.

माई, तुम्ही टाळ खाली ठेवलात ते मला आवडलं. तरी भजनं नंतरच.

खानापूरची_माई

बघू की. येत्या एकादशीला या खानापूरला, मग सांगा नंतर का आधी.