एअर रायफलची नळी साफ कशी करायची? घरात तीन जणांची तीन मतं

मंडळी, मदत हवीय. लेक वरळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल खेळते, ४.५ एमएमची, सिलिंडरच्या हवेवर चालणारी, सेकंडहँड घेतलीय. आम्ही दादरला, जूनपासून घरात इतका दमटपणा की कपाटातल्या चपलांनाही बुरशी, त्यामुळे नळीला आतून गंज चढेल ही धास्ती. दीर एनसीसीवाला, तो म्हणतो वहिनी फुलतरू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) आणा, चिंदीला तेल लावून ओढा, वर ब्रश फिरवा, आम्ही पॉइंट टूटू (काडतुसाची .२२ रायफल) अशीच चकाचक ठेवायचो. रेंजवरचे एक काका म्हणतात नळीला हातच लावू नका, ग्रुप बिघडतो, म्हणजे छर्रे एका जागी लागत नाहीत. आणि लेक म्हणते ग्रुप आधीच पसरतोय. निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर, आता तो नळीमुळे हुकतोय की बारावीच्या टेन्शनमुळे, मला काय कळणार! ब्रश चालतो का, तेल किती आणि कुठल्या बाजूने?

प्रतिसाद १
ताई, ब्रश नको. दिराचं पॉइंट टूटूसाठी बरोबरच आहे, तिथे काडतुसातली दारू जळून काजळी बसते. इथे दारूच नाही, साचतं ते फक्त छर्र्याचं शिसं, आणि त्याला फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) साफसफाईच्या गोळ्या पुरतात, ४.५ च्याच मागा. रायफल रिकामी आहे ना आधी बघा. मग पहिल्या फेल्टला क्लीनरचा एखादा थेंब, पुढचे कोरडे, काळे यायचे थांबेपर्यंत. घालायचे मागून, छर्रा भरतो तिथून. पुढच्या तोंडाची कड घासली गेली की नेम गेलाच समजा. काका पण अगदी चूक नाहीत हं, साफ केल्यावर सुरुवातीचे छर्रे इकडे तिकडे जातात, ते स्कोअरमध्ये धरू नका, आणि ग्रुप चांगला येत असेल तर उगाच साफसफाई काढू नका. गंजाचं म्हणाल तर फोमच्या केसमध्ये रायफल बंद करून ठेवू नका, फोम ओल धरतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका, बाहेरून तेलाचा हात फिरवा. आणि काम झालं की हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.

प्रतिसाद २
माझी रायफल स्प्रिंगवाली आहे (स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणारी), तिला पण हेच का?

प्रतिसाद १
साफ करा, पण एकटं फेल्ट छर्र्यासारखं झाडू नका, ते हलकं असतं, समोर अडवणारं काही नसलं की पिस्टन जोरात आपटतो. रॉडने ढकला. आणि तेल आत राहिलं तर दाबाने पेटतं, नळीतून धूर येतो, म्हणून शेवटचं फेल्ट एकदम कोरडं.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद दादा! दिराला हा धागा पाठवलाय, आता फेल्ट आणायचं काम त्याच्याकडेच.