नवा पीसी जोडला, पण बटन दाबलं की काहीच होत नाही

प्रश्न
मंडळी, सगळे पार्ट नवे, काल असेंबल केलं आणि पॉवर बटन दाबलं तर ढिम्म. पंखा हलत नाही, बीप नाही, काही नाही. पॉवर सप्लायच्या मागचा स्विच चालू आहे, सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघितलं, करंट येतोय. २४ पिनवाली आणि सीपीयूची ८ पिनवाली दोन्ही केबल काढून परत घट्ट बसवल्यात, ग्राफिक्स कार्ड काढलं तरी तेच. मदरबोर्डवर कोपऱ्यात एक छोटा एलईडी मात्र सतत पेटलेला असतो. आता बोर्ड बदलून मागू की सप्लाय?

उत्तर १
सप्लाय गेलाय. बदलून घे, नव्या मालातही निघतात असे.

उत्तर २
अहो थांबा, इतक्यात सप्लायला कशाला बाद करताय? तो एलईडी पेटतोय म्हणजे ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन (पीसी बंद असतानाही चालू राहणारी) बोर्डपर्यंत येतेय. १२ व्होल्ट येतात का ते अजून कळलेलं नाही हे खरं, पण सप्लाय अगदीच मेलेला नाही. केसचं बटन थेट वीज जोडत नाही, फक्त दोन पिना क्षणभर जोडतं, मग बोर्ड २४ पिनमधली पीएस-ऑनची लाइन ग्राउंडला ओढतो आणि तेव्हा कुठे सप्लाय जागा होतो. म्हणून आधी बटनच वगळून बघ. फ्रंट पॅनलच्या वायरी काढ, मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोध (बऱ्याच बोर्डांवर ६ आणि ८ नंबर) आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना सेकंदभर टेकव. शेजारच्या पिनांना लागू देऊ नकोस.

उत्तर ३
त्यानेही नाही झालं तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेव, सीपीयू, कूलर, एक रॅम, बस्स. केसमध्ये नको तिथे स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा छोटा खांब) राहिला असेल तर बोर्ड मागून शॉर्ट होतो. पण शॉर्ट असला की सहसा पंखा जरासा फिरून थांबतो कारण सप्लाय प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, तुझा तर हलतच नाहीये, त्यामुळे मला पण बटनच वाटतंय. आणि सप्लाय एकटा, पीएस-ऑन आणि ग्राउंड पेपरक्लिपने जोडून, तपासणार असशील तर लक्षात ठेव, काहींचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, लोक उगाच चांगला सप्लाय परत पाठवतात.

प्रश्नकर्ता
स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झाला की चालू! बायोस आला, रॅम पूर्ण दिसतेय. बटनाच्या वायरीला मल्टीमीटर लावला, दाबलं तरी कंटिन्युइटी नाही, म्हणजे दोन वायरी आतून जोडल्याच जात नाहीत. पण केस परत द्यायची म्हणजे सगळं उचकटायचं, जीवावर आलंय.

उत्तर २
मग नको देऊस. रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लाव, दोन्ही बटनं आतून सारखीच असतात. रिसेट नाहीतरी कोण वापरतं.

उत्तर १
तरी सप्लाय तपासून ठेव म्हणतो मी :)

प्रश्नकर्ता
रिसेटवर मस्त चालतंय. फक्त पुढचा पॉवरचा दिवा लागत नाहीये.

उत्तर ३
तो प्लग उलटा लावून बघ. स्विचला उलटसुलट चालतं, एलईडीला प्लस-मायनस लागतं.