बोल्डर ओपल घासताना आयर्नस्टोनला खड्डे पडतात, पॉलिश बसत नाही (मदत हवी आहे)

रेवा_ब्रिस्बेन

नमस्कार मंडळी,

नाशिक-जळगावच्या झिओलाइटवर इथे रंगलेल्या चर्चा वाचल्या आहेत. त्या दगडवेड्यांत स्वतः दगड घासणारंही कोणी असेल, या आशेवर विचारते.

मी ब्रिस्बेनला असते. घराजवळ लॅपिडरी (दगड कापणाऱ्या-घासणाऱ्यांचा) क्लब आहे. तिथे अकीक आणि जास्परचे कॅबोशॉन (बिनपैलूचे गोलसर खडे) करून हात बऱ्यापैकी बसला, म्हणून आता बोल्डर ओपल घेतलं, आणि आधी शिकलेलं निम्मं इथे चालेना.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पश्चिम क्वीन्सलंडात विंटन, क्विल्पी, योवाह, कोरॉइट या भागात लोखंडी तपकिरी दगडाच्या, म्हणजे आयर्नस्टोनच्या, भेगांमध्ये ओपल भरलेलं सापडतं. लायटनिंग रिजचं काळं किंवा कूबर पेडीचं पांढरं ओपल आजूबाजूच्या मातीदगडापासून वेगळं काढता येतं. इथे ओपलची शीर इतकी पातळ असते की पाठीला आयर्नस्टोन ठेवूनच कापावं लागतं. त्या गडद पाठीमुळे रंग उठून दिसतो, म्हणजे ती पाठ नैसर्गिक आणि उपयोगाचीही.

माझ्याकडचा तुकडा सुमारे ३ सेंमी लांब आहे. कडेने पाहिलं की निळी-हिरवी रेघ दिसते, पण सरळ नाही. मधोमध वर येते आणि एका टोकाला चांगलीच खाली उतरते. वरचं तपकिरी कवच काढून मधला भाग उघडलाय, रंग सुरेख आहे. खाली गेलेलं टोक मात्र अजून झाकलेलंच. ते उघडायला तेवढंच सपाट घासत गेले तर मधला रंग संपेल, अशी भीती वाटते.

दुसरी अडचण खड्ड्यांची. क्लबातलं मशीन सहा चाकांचं: ८० आणि २२० ची धातूची कडक चाकं, मग २८०, ६००, १२००, ३००० ची रेझिनची मऊ चाकं (आकडा म्हणजे ग्रिट; जितका मोठा तितकं बारीक घासणारं). शेवटी फेल्टवर (नमद्याच्या चाकावर) सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पूड. शेवटाला येईपर्यंत आयर्नस्टोनला बारीक खड्डे पडतात, त्यात सिरियमचे पांढुरके ठिपके अडकून बसतात, आणि ओपलवरची चमक संत्र्याच्या सालीसारखी दिसते.

क्लबातल्या आजोबांना विचारलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि बाकीच्यांचं चूक, याबाबत मात्र सगळ्यांचं एकमत. फोटो जोडले आहेत.

उंटावरचा_शहाणा

फोटो दिसत नाहीयेत.

रेवा_ब्रिस्बेन

परवानगी बदलली, आता बघा.

उंटावरचा_शहाणा

दिसले. दगडातलं काही कळत नाही, पण चौथ्या फोटोतला तो हिरवा भाग कोणी चोरला तर संशय माझ्यावर घ्यायला हरकत नाही.

गारगोटी

खड्डे नक्की कधी दिसायला लागले? २२० वरच होते की पुढे उघडले? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

रेवा_ब्रिस्बेन

६०० पर्यंत पृष्ठभाग एकसारखा वाटतो. १२०० नंतर भिंगातून दिसतात, फेल्टवर बोटालाही लागतात.

कोरडी_विहीर

टूवुंबाला राहायचो तेव्हा तिथल्या एका जुन्या ओपल कापणाऱ्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी पडीक असायचो. हे जे सांगतोय ते बरंचसं त्याच्याकडून उचललेलं.

आधी शिरेचं बघू. दगड ओला करा, एकाच दिव्याखाली धरा आणि १० पट भिंगातून चारही कडा वाचा. शीर जिथे जिथे कडेला दिसते तिथे खूण करा. साधी पेन्सिल पाण्यात धुऊन जाते; ॲल्युमिनियमच्या तारेला टोक काढून तिने रेघ मारली तर टिकते. त्या खुणा जोडल्या की आतला पत्रा कसा वाकलाय त्याचा अंदाज येतो. अंदाजच. आत तो काय करतो ते दगड उघडल्यावरच कळतं, आणि त्यासाठीच तर आपण हे करतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे. तो तुकडा सपाट करायचा हट्टच धरू नका. अकीकमध्ये साचा ठेवून अंडाकृती आखायची आणि तेवढं घासायचं, हे चालतं, कारण आतबाहेर तोच माल असतो. इथे रंग कित्येकदा एक मिलीमीटरसुद्धा जाड नसतो. त्यामुळे शीर जशी वळते तसा पृष्ठभाग वळू द्यायचा. बाजारात बोल्डर ओपलचे खडे वेडेवाकडे आणि लहरदार दिसतात ते एवढ्यासाठीच.

खाली गेलेल्या टोकाला तीन वाटा आहेत. मोठ्या चाकाने तिथे जाता येणार नाही. फ्लेक्स शाफ्टला (लवचिक दांड्याच्या हातयंत्राला) लहान डायमंड बर, म्हणजे घासायचं बारीक टोक, लावून फक्त तेवढंच कवच उतरवता येईल. किंवा ते टोक ट्रिम सॉवर (दगड कापायच्या छोट्या करवतीवर) कापून वेगळा छोटा खडा करा. किंवा तो तपकिरी भाग तसाच राहू द्या. मला स्वतःला तिसरं आवडतं. आयर्नस्टोनच्या पार्श्वभूमीवर रंगाचा झरा मधेच निघालाय असं दिसतं. विकायचं असेल तर पूर्ण रंगाच्या तोंडाला (दर्शनी बाजूला) पैसे जास्त मिळतात हे खरं, पण तुम्हाला विकायचं दिसत नाही.

बर वापरलात तर रंगाच्या जवळ येताच थांबून बारीक ग्रिटवर या. ८० चं चाक ओपलच्या तोंडाला अजिबात दाखवू नका, २२० सुद्धा कवचापुरतंच. जाड ग्रिटचे ओरखडे खोल जातात, आणि ते काढता काढता रंगच निघून जातो. रंगाची पहिली झाक दिसली की ६००.

खड्ड्यांचं सविस्तर संध्याकाळी लिहितो, जेवायला हाक आलीय.

सदाफुली

पॉलिशिंगचं मला काही कळत नाही, पण कामगार आरोग्याच्या कामात खंभातला राहिले आहे. अकीक घासणाऱ्यांच्या घरांत सिलिकोसिस काय करतो ते पाहिलंय, म्हणून मधेच तोंड घालते. ओपल स्वतः अस्फटिक सिलिका असलं तरी भोवतीच्या दगडात क्वार्ट्झचे कण असू शकतात. घासताना पाणी कधीही बंद करू नका, ‘फक्त एवढं टोक’ म्हणूनसुद्धा नाही. ते बर कोरडं चालवायचा मोह सगळ्यांना होतो. मास्क पी२ दर्जाचा (बारीक धूळ गाळणारा), चेहऱ्याला घट्ट बसणारा. मशीनवर उडालेला लाल-तपकिरी गाळ वाळला की त्याचीच धूळ होते, तो ओला असतानाच पुसा. तुमच्या ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली ती याच रोगापायी. नैसर्गिक दगड त्या बंदीत येत नाही, पण फुप्फुसाला तो फरक कळत नाही.

कोरडी_विहीर

सदाफुलीताईंशी शंभर टक्के सहमत. गाळ सिंकमध्येही ओतू नका, पाइपमध्ये घट्ट बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी टाका, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात.

आता खड्डे. ओपलचा कडकपणा मोह्‌स मापावर ५.५ ते ६.५. आयर्नस्टोनला असा एक आकडा नसतो. एकाच तुकड्यात कुठे घट्ट हेमॅटाइट, कुठे भुसभुशीत पिवळट लिमोनाइट, कुठे वाळूचे कण. मऊ चाक किंवा फेल्ट दाबलं की ते मऊ जागांमध्ये शिरतं आणि तिथलं जास्त खातं. कडक भाग वर राहतो. तुम्हाला १२०० नंतर खड्डे दिसतात यावरून हेच चाललंय. ओपलवरच्या सालीचं कारणही बहुतेक तेच: मऊ पृष्ठभाग, जास्त दाब, जास्त वेळ.

उपाय असा. ६०० वर घाई करू नका. तिथले ओरखडे पूर्ण गेले की नाही हे दगड कोरडा करून भिंगातून बघा. ओला दगड नेहमी पॉलिश झाल्यासारखा दिसतो आणि फसवतो. त्यापुढची प्रत्येक पायरी हलक्या हाताने आणि कमी वेळात उरका. चाक झिजलेलं असेल तर ते कापत नाही, नुसतं रगडतं आणि तापवतं. ओपलमध्ये पाणी असतं, उष्णतेने तडा जाऊ शकतो. दगड गालाला लावून पाहावा. कोमट लागला तरी थांबावं.

शेवटाला मी सिरियम वापरत नाही. १४००० ची आणि मग ५०००० ची डायमंड पेस्ट, घट्ट चामड्यावर किंवा लाकडावर. आयर्नस्टोन आणि ओपल दोन्हींना तीच चालते आणि पांढरे ठिपकेही राहत नाहीत.

गारगोटी

इथे माझा मतभेद. सिरियमने ओपलला जी ओली, खोल झळाळी येते ती डायमंडने येत नाही. दोष सिरियमचा नाही, फेल्टचा आहे. घट्ट चामडं घ्या, सिरियम सायीइतकं दाट कालवा, वेग कमी ठेवा आणि चामडं सुकू देऊ नका. ठिपक्यांचं म्हणाल तर खड्डे आधी भरून घ्यायचे.

कोरडी_विहीर

शुद्ध ओपलवर तुमचं मान्य. या तुकड्याच्या तोंडावर अर्धा आयर्नस्टोन आहे, म्हणून डायमंड म्हटलं. रेवाताई, दोन्ही करून बघा, पण या तुकड्यावर नको. कच्च्या दगडांच्या पार्सलात नुसतं पॉच (रंग न खेळणारं साधं ओपल) असलेला तुकडा असेलच.

रेवा_ब्रिस्बेन

पॉचवाले ढीगभर आहेत, पार्सल स्वस्त का होतं ते आता कळलं. खड्डे भरायचे ते कशाने? क्लबात काहीजण पातळ सुपरग्लू सोडतात. मी दगड घासताना धरायच्या काडीवरही सुपरग्लूनेच चिकटवते, डॉप वॅक्सच्या (त्यासाठीच्या गरम मेणाच्या) उष्णतेची भीती वाटते म्हणून.

गारगोटी

मग घोटाळा होईल. काडी सोडवायला ॲसिटोनमध्ये बुडवाल आणि खड्ड्यांतला सुपरग्लूही सुटेल. खड्डे पातळ इपॉक्सीने भरा. त्याआधी दगड सावलीत नीट वाळू द्या, ओव्हनमध्ये नाही. खड्ड्यात ओल राहिली तर इपॉक्सी धरत नाही. पूर्ण कडक झाल्यावर पुन्हा ६०० पासून वर या. आणि असा खडा कधी कोणाला दिलात, भेट म्हणून का असेना, तर भरलेला आहे हे सांगून द्या.

कोरडी_विहीर

काडीची गरज आहे का तेही बघा. ३ सेंमीचा तुकडा, पाठीला दणकट आयर्नस्टोन, बोटांत छान धरता येतो. लहरदार तोंड घासताना बोटांना जे कळतं ते काडीवरून कळत नाही. मी बोल्डर ओपल हातानेच धरतो. नखं झिजतात, तेवढं सोसायचं.

जयपूर_रिटर्न

जयपूरला रत्नांच्या व्यवसायात होतो, आता ठाण्यात. तिथे ओपल म्हटलं की बहुतेक वेळा इथिओपियाच्या वेलोचं. त्यातलं पुष्कळसं पाणी शोषतं, ओलं झालं की पारदर्शक होऊन रंग गायब झाल्यासारखा वाटतो आणि वाळल्यावर परत येतो. त्याच्यावरचे सल्ले वाचून बोल्डर ओपलवर वापरू नका, आणि उलटही नको. आणखी एक, धागा वाचून कोणी बोल्डर ओपल विकत घ्यायला निघणार असेल तर: कडेने बघा. ओपल आणि पाठ यांच्यामधली रेघ अगदी सरळ, सुरीने कापल्यासारखी असेल तर ते चिकटवलेलं डबलेट (पातळ ओपलला वेगळी पाठ जोडलेला खडा) असण्याची शक्यता जास्त. खऱ्या बोल्डरमध्ये ती रेघ वेडीवाकडी जाते. बेझलमध्ये (खड्याभोवतीच्या धातूच्या पट्टीत) बंद करून विकत असतील आणि कड दाखवत नसतील तर जास्तच सावध राहा.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: एकाच दगडात निळा नि लाल दोन्ही कसे? रंगद्रव्य वेगवेगळं?

कोरडी_विहीर

रंगद्रव्य नाहीच. आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असतात, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरचे, आणि त्या रचनेतून प्रकाशाचं विवर्तन होतं. लहान गोळ्यांच्या थरातून निळा, मोठ्यांतून लालसुद्धा. लाल म्हणून दुर्मीळ आणि महाग. पॉचमध्ये ही शिस्त नसते, म्हणून रंग नाही. रेवाताई, याचा तुम्हालाही उपयोग आहे: एका बाजूने फिका दिसणारा भाग दुसऱ्या कोनातून पेटू शकतो. कड कापण्याआधी खडा फिरवून सगळीकडून बघा.

रेवा_ब्रिस्बेन

सगळ्यांचे खूप आभार. पॉचच्या तुकड्यावर करून पाहिलं. ६०० वर जास्त वेळ दिला, पुढे हलका हात, इपॉक्सी, आणि निम्म्या भागावर १४००० ची पेस्ट, निम्म्यावर चामड्यावर सिरियम. आयर्नस्टोनवर डायमंड स्पष्ट सरस आहे. ओपलवर मला फरक कळला नाही, नवऱ्याला सिरियमची बाजू आवडली. दोघेही खूश व्हा.

खऱ्या तुकड्याचं टोक तपकिरीच ठेवतेय. आता तो चांदीत बसवायचा आहे. तोंड लहरदार, मग बेझल कशी करायची?

पंचधातू

हे माझं खातं, पुण्यात चांदीकाम करतो. आधी दगडाची पाठ सपाट करून घ्या, तोंड कितीही वाकडं असू दे. पाठ डुगडुगली तर बेझल दाबताना खडा फुटेल. पाठीला आयर्नस्टोन दोनेक मिलीमीटर तरी राहू द्या. मग शुद्ध चांदीची पातळ पट्टी भोवती गुंडाळून घ्या आणि वरची कड तोंडाच्या चढउतारानुसार कानशीने उतरवा. जिथे शीर कडेपर्यंत येते तिथे पट्टी जास्त वर घेऊ नका, रंग झाकला जाईल. डाग देणं (सोल्डरिंग), आम्लात धुणं, घासणं सगळं खडा बसवण्याआधी उरका. एकदा ओपल बसलं की आगीचं नाव काढायचं नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये आणि वाफेच्या मशीनमध्येही नाही, कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

अंगठी करणार असाल तर तसं सांगा, पट्टी जाड लागेल. माझं मत पेंडंट करा.

रेवा_ब्रिस्बेन

पेंडंटच. पाठ सध्या साडेतीन मिलीमीटर आहे, दोनवर आणते. त्या टोकाशी थोडी जाड ठेवली तर चालेल ना?

पंचधातू

नको, सगळीकडे एकाच पातळीत आणा. काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून पाठ त्यावर घासा, चाकावर सपाट होणार नाही. आणि पट्टी कापायच्या आधी कडेचा फोटो टाका.