मुख्य दरवाजासाठी महागडे ‘हाय सिक्युरिटी’ कुलूप घ्यावे का?

प्रश्न – तिसरा मजला, पुणे

आम्ही दोघेही नोकरी करत असल्याने आमची सदनिका दिवसभर बंद असते. शेजारच्या इमारतीत भरदुपारी कडी-कोयंडा तोडून घरफोडी झाल्यापासून कुलूप बदलण्याचा विचार चालू आहे. सध्या साधे नाइट लॅच असून बाहेर कोयंड्याला लोंबते कुलूप लावतो. दुकानदाराने पोलादी बोल्ट आणि डिंपल चावी (दातांऐवजी पात्यावर खळगे असणारी) असलेले कुलूप सुचवले आहे. मजुरीसह खर्च नऊ हजारांच्या घरात जातो. दरवाजा जुन्या फ्लश डोअरचा आहे. एवढा खर्च सार्थकी लागेल का?

प्रतिसाद – रंधा

कुलूप कौशल्याने उघडत बसणारा चोर आपल्याकडे विरळाच. बहुतेकदा कटावणीने कोयंडा किंवा चौकट उचकटली जाते, त्यामुळे कुलपाआधी चौकट तपासावी. बोल्ट चौकटीतील ज्या पट्टीत शिरतो, ती पट्टी पुष्कळदा अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंवर उभी असते, आणि जोराचा धक्का बसला की कुलूप शाबूत राहते पण लाकडाचा काठ फुटतो. जाड पोलादी पट्टी आणि चौकटीतून भिंतीत पोहोचणारे तीन इंची स्क्रू बसवून घेतल्यास फार थोड्या पैशांत मोठा फरक पडतो. फ्लश डोअर कुलपाच्या जागी आतून भरीव आहे की पोकळ, हेही सुताराकडून पाहून घ्यावे. पोकळ असेल तर नऊ हजारांचे कुलूप म्हणजे पुठ्ठ्याला मारलेला खिळा. बाहेरचे लोंबते कुलूप मात्र आधी काढा, कारण घरात कोणी नाही हे ते जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते.

युरोपातील ईएन १६२७ या मानकात एकट्या कुलपाची नव्हे, तर दार, चौकट आणि कुलूप यांची एकत्र चाचणी होते, आणि त्यातील आरसी २ या वर्गाच्या दाराने ठरलेल्या हत्यारांपुढे तीन मिनिटे टिकणे अपेक्षित असते. या व्यवसायात सुरक्षितता अशी मिनिटांतच मोजतात.

प्रतिसाद – जुडगा

चौकटीविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु महाग कुलपाचे मोल केवळ कटावणीपुढे ठरवणे मला पटत नाही. साध्या चावीची नक्कल कोपऱ्यावरचा चावीवाला काही मिनिटांत करून देतो. आधीचे मालक, भाडेकरू, रंगारी, घरकामाच्या मावशी अशा किती जणांच्या हातांतून आपली चावी गेली असेल, याचा हिशेब कोणाकडेच नसतो, आणि अशा चावीने आत आलेला माणूस काहीही तोडत नाही. घरफोडीच्या विमा पॉलिसीत अनेकदा बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण मागितली जाते. ती नसेल तर दावाही अडकू शकतो. काही कुलपांसोबत कार्ड मिळते आणि ते दाखवल्याशिवाय नवी चावी दिली जात नाही. माझ्या मते जास्तीचे पैसे द्यायचे ते या सोयीसाठी. नुसती डिंपल चावी म्हणजे नक्कल अशक्य, असे समजू नये. दुकानदाराला हा प्रश्न थेट विचारा, आणि उत्तर मोघम आले तर तीन हजारांचे कुलूप घेऊन उरलेली रक्कम चौकटीवर खर्च करा.

प्रतिसाद – रंधा

चावीचा मुद्दा योग्य आहे. एक भर घालतो: दोन्ही बाजूंनी चावी लागणारे कुलूप घेऊ नका. आग लागल्यास अंधारात आणि धुरात चावी शोधावी लागते, म्हणून आतल्या बाजूला हाताने फिरणारी मूठ असलेलाच प्रकार मागून घ्या.