२००९चा फ्लू: चूक इशाऱ्यात होती की लसवाटपात?

कवडसा:
११ जून २००९ला जागतिक आरोग्य संघटनेने एच१एन१ (स्वाइन) फ्लूची महासाथ जाहीर केली. साथ अपेक्षेपेक्षा सौम्य निघाली आणि ‘उगाच घाबरवलं’ असा सूर लागला, तो अजून ऐकू येतो. मला तो अजिबात पटत नाही. इशारा वेळेवर होता, माती खाल्ली ती लसवाटपात. श्रीमंत देशांनी कंपन्यांशी आधीच करार करून माल राखून ठेवला होता. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस करायला पाच-सहा महिने लागतातच. बाकीच्यांना संघटनेमार्फत दानातले डोस मिळायला २०१० उजाडलं. ७७ देशांत मिळून जेमतेम ७.८ कोटी!

शोधयात्री:
असहमत. संघटनेच्या इशाऱ्याची त्या वेळची सहावी, म्हणजे महासाथीची पातळी फक्त प्रसार बघायची, आजार किती गंभीर हे नाही. आणि ती जाहीर झाली की काही देशांचे लसखरेदीचे करार लागू होणार होते. एवढा पैसा ज्यांच्या सल्ल्यावर हलणार, त्या संघटनेच्या आपत्कालीन समितीच्या सदस्यांची नावं साथ संपेपर्यंत गुप्त? युरोप परिषदेच्या संसदीय सभेने २०१०मध्ये याच गुप्ततेवर कोरडे ओढले. १९७६ही आठवा. अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक गेला, सरकारने चार कोटींहून जास्त लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. लस घेतलेल्यांत गियाँ-बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले आणि डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली. लोकांचा विश्वास असा उडतो.

कवडसा:
नावं लपवायला नको होती, यात वाद नाही. पण सौम्य कुणासाठी? प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू साधारण साडेअठरा हजार. २०१२च्या अभ्यासाचा पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख, आणि त्यातले सुमारे ८० टक्के ६५ वर्षांखालचे. नेहमीच्या फ्लूत म्हातारी माणसं जातात. इथे कर्ती माणसं गेली.

वाटसरू:
दोघंही मेक्सिकोला विसरलात. त्यांनी साथ लपवली नाही, शाळा बंद केल्या. बदल्यात काय मिळालं? विमानं रद्द, डुकराच्या मांसावर बंदी. चीनने तर लक्षणं नसलेल्या मेक्सिकन प्रवाशांनाही अडकवून ठेवलं, शेवटी मेक्सिकोला विमान पाठवून माणसं परत आणावी लागली. हाँगकाँगमध्ये एका रुग्णामुळे अख्खं हॉटेल आठवडाभर सील, आत सुमारे तीनशे माणसं. पुढच्या वेळी कुठला देश आपणहून कळवेल?

शोधयात्री:
हाँगकाँगने सार्स ही श्वसनाची जीवघेणी साथ आधी भोगली होती, त्यांची भीती समजू शकते. लसीचंही तेच. आपली रुग्णालयं भरलेली असताना डोस बाहेर पाठवणारं सरकार टिकत नाही. त्याला नुसता स्वार्थ म्हणणं अन्याय आहे.

कवडसा:
म्हणूनच तर हे सरकारांच्या मर्जीवर सोडायचं नाही! इंडोनेशियाने २००७मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं, कारण विषाणू त्यांचा आणि लस मात्र त्यांना न परवडणारी. त्या भांडणातून संघटनेचा २०११चा नमुने आणि लाभवाटपाचा आराखडा आला, म्हणजे देशांनी विषाणूचे नमुने द्यायचे आणि बदल्यात लसीसारखे लाभ मिळायचे. मे २०२५च्या संघटनेच्या महासाथ करारात लसी वगैरेंच्या उत्पादनाचा २० टक्के वाटा संघटनेला देण्याचं लक्ष्य आहे, त्यातला निदान निम्मा दान म्हणून. पण नमुने आणि लाभवाटपाच्या तपशिलाचं परिशिष्ट करार मंजूर करताना पुढच्या वाटाघाटींवर ढकललं. वाटा बंधनकारक कसा करायचा, ते साथ नसतानाच ठरायला हवं.