चपलांच्या इंग्रजी वर्णनात 'अ' कुठं आणि 'ॲन' कुठं?

पायताण_सुभाषनगर:
नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरी चपला करणाऱ्यांचं. सासूबाई चामड्याच्या पट्ट्यांची वेणी घालतात, मालक तळ शिवतात आणि ऑनलाइन विक्रीचं माझ्याकडं. प्रत्येक जोडाखाली चार ओळी इंग्रजीत लिहाव्या लागतात. शाळेत पाठ केलेलं एवढंच, की ए, ई, आय, ओ, यू आलं की 'ॲन'. मग 'युनिक डिझाइन'च्या आधी सगळीकडं 'अ' का दिसतो? आणि 'लेदर'ला काय लावायचं? कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोडाचं वर्णन आज संध्याकाळी टाकायचंय.

राजारामपुरीचे_मास्तर:
ताई, तो नियम अर्धाच शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं. अक्षराकडं बघायचंच नाही, उच्चार ऐकायचा. आणि उच्चार ऐकायला आपल्या हाती देवनागरी आहे! शब्द जसा बोलतात तसा देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. 'युनिक' लिहिताना पहिला आला 'य', म्हणून 'अ युनिक डिझाइन'. शिवाजी विद्यापीठसुद्धा 'अ युनिव्हर्सिटी'च. अंगठ्याची चप्पल 'अ वन-टो चप्पल', कारण 'वन' 'व'नं सुरू होतो.

उलट 'अवर', 'ऑनेस्ट' यांत एच नुसता लिहायला, बोलायला नाही. म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट प्राइस'. 'हँडमेड'मधला 'ह' मात्र स्पष्ट ऐकू येतो, तिथं 'अ'. आद्याक्षरांनाही हेच लागू: 'ॲन एस. टी. बस', 'ॲन एम. एल. ए.', पण 'अ यू. पी. एस. सी. एक्झाम'.

आणखी एक बघा, निर्णय लगेच पुढच्या शब्दावर होतो, नामावर नाही. 'ॲन ओल्ड डिझाइन', पण मध्ये 'व्हेरी' आला की 'अ व्हेरी ओल्ड डिझाइन'.

मुळात 'ॲन' हेच जुनं रूप, 'वन'च्याच मुळातलं. व्यंजनापुढं त्याचा 'न' गळाला. 'एप्रन' हा शब्द पूर्वी 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' ऐकता ऐकता लोकांनी 'न' अलीकडं ओढला आणि 'ॲन एप्रन' झालं. म्हणून म्हणतो, हा सगळा कारभार कानाचा आहे.

भाषांतरवाली_सांगली:
मास्तरांनी छान सांगितलं. लेदरचं मी सांगते. लेदर, फुटवेअर ही नामं मोजता येत नाहीत, त्यांना 'अ' लागत नाही. 'मेड ऑफ लेदर' एवढंच. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ लेदर', 'अ पेअर ऑफ चप्पल्स'. पण 'अ लेदर स्ट्रॅप' बरोबर आहे, कारण तिथला 'अ' स्ट्रॅपचा, लेदरचा नाही.

व्यवसाय सांगतानाही जपा. 'नवरा कारागीर आहे' म्हणताना आपण 'एक' घालत नाही. इंग्रजीत घालावाच लागतो: 'माय हजबंड इज ॲन आर्टिझन'.

पायताण_सुभाषनगर:
लई उपकार झाले दोघांचे. आता हे बघा: 'अ पेअर ऑफ कापशी चप्पल्स विथ अ ब्रेडेड स्ट्रॅप अँड ॲन ऑल-लेदर सोल. द लेदर इज टॅन्ड विथ अ बाभूळ बार्क. अ क्राफ्ट विथ अ जी. आय. टॅग सिन्स २०१९.'

राजारामपुरीचे_मास्तर:
'ऑल'चा 'ऑ' अचूक ओळखलात. 'जी. आय.'ला (म्हणजे भौगोलिक मानांकनाला) 'ज' आहे, तेही बरोबर. फक्त बाभळीच्या सालीआधीचा 'अ' काढा. साल इथं लेदरसारखीच, न मोजण्याची. 'टॅन्ड विथ बाभूळ बार्क'. बाकी आहे तसं टाका ताई, आणि सासूबाईंच्या वेणीचा फोटो जवळून काढा.